मुक्या अक्षरांचा मान

इंग्रजी भाषेच्या लेखनपद्धतीला हंसणें हा आम्हां मराठी माणसांचा जन्मसिद्ध हक्क आहे, असा आमचा बरेच दिवस समज होता. तो परवां आमच्या नातवानें मोडून काढिला. ती हकीकत वाचकांस सादर करितों.

पूर्णा व नांदेड यांच्या दरम्यान लोहमार्गावर चुडावा म्हणून आमचें लहानसें गांव आहे. सायंकाळीं ओसरीवर नातू इंग्रजी धडा मोठ्यानें वाचीत होता. त्यानें सुरीला 'क्नाइफ', कर्जाला 'डेब्ट' आणि बेटाला 'इस्लंड' म्हटलें. आम्हीं चुका दाखवितांच तो म्हणाला, "आजोबा, उच्चारावयाचीं नाहींत, तर हीं अक्षरें लिहिलीं कशाला?"

प्रश्न रास्त होता. आम्हीं पंतोजीच्या थाटांत सांगितलें, "बाळ, हीं तिन्ही मुकीं अक्षरें एका कुळांतलीं नव्हेत. सुरीच्या शब्दांतला 'के' हा घरचा वृद्ध. शेंकडों वर्षांपूर्वीं इंग्रज लोक त्याचा खरोखरच उच्चार करीत. आतां वाचा गेली, पण पाटाचा मान राहिला. कर्जाच्या शब्दांतला 'बी' हा दत्तक. इंग्रजांनीं तो शब्द फ्रेंचांकडून घेतला, तेव्हां त्यांत 'बी' नव्हता. पुढें 'डेबिटम' हें लॅटिन मूळ स्मरून पंडितांनीं तो आंत बसविला. बेटाच्या शब्दांतला 'एस' मात्र निव्वळ तोतया! तो शब्द अस्सल इंग्रजी. पण त्याच अर्थाच्या लॅटिन कुळांतल्या दुसऱ्या शब्दाशीं त्याचें नातें जोडलें गेलें, आणि त्या भ्रमांत 'एस' आंत शिरला. भाऊसाहेबांचा तोतया निदान पकडला तरी गेला. हा अद्याप पंगतींत जेवीत आहे."

घरांत हंशा पिकला. इतक्यांत नातवानें कोनाड्यांतलें जुनें पोस्टकार्ड पुढें केलें. "मग पणजोबांनीं 'गांव', 'नांव', 'दांत' यांवर हीं टिंबें कां दिलीं?"

आम्ही निरुत्तर झालों. हीं टिंबें त्या 'के'चींच भावंडें. 'ग्राम' व 'नाम' यांतला मकार, 'दन्त' व 'पञ्च' यांतलें अनुनासिक, हीं सारीं झिजत झिजत टिंबापुरतीं उरलीं. पुढें उच्चारांतून तेवढींही गेलीं. १९६२ सालच्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनीं असे अनुच्चारित अनुस्वार लेखनांतूनही काढून टाकिले. आम्हीं शाळेंत तोच नियम जन्मभर शिकविला, आणि मुलांच्या दृष्टीनें तें योग्यच झालें.

परंतु त्या पोस्टकार्डाची कथा नातवास ठाऊक नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षीं, नव्या विद्येच्या ताठ्यांत, आम्हीं वडिलांच्या एका पत्रांतलीं टिंबें तांबड्या शाईनें खोडून तें पत्र त्यांस परत धाडिलें होतें. उत्तरादाखल हें कार्ड आलें. त्यांत रागाचा शब्द नाहीं. क्षेमकुशल, पाऊसपाणी, आणि सर्व टिंबें जेथल्या तेथें. शेवटीं एक ओळ : "हीं आमच्या गुरुजींनीं दिलेलीं, आमच्यानें टाकवत नाहींत."

तेव्हांपासून शाळेबाहेरचें आमचें लेखन आम्ही त्यांच्याच वळणानें करितों. हा लेखही त्यास अपवाद नाहीं. इंग्रजांच्या वृद्धाला आणि दत्तकाला हंसणें आम्हीं त्या सायंकाळीं सोडिलें. तोतयाला मात्र अजून हंसतों. तेवढी सवलत वाचकांनीं द्यावी.