हौसेचे घोडे

हौसेला मोल नाहीं, ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याला गॅरेजचें बिल कधीं आलें नसावें. हौसेला मोल असतें, तें कलमवार कागदावर मांडतां येतें, आणि त्यावर करहि भरावा लागतो. असा एक कागद गेल्या महिन्यांत आमच्या हातीं आला, आणि आमच्या वयाच्या माणसाकडून ज्याची कोणी अपेक्षा करणार नाहीं अशा एका विषयाचा विचार आम्ही तेव्हांपासून करीत आहों. तो विषय असा : लहान डिझेल मोटारीच्या यंत्रावर मोठा खर्च करून तिची शक्ति वाढविणें कितपत शहाणपणाचें आहे ?

कागद आमच्या पुतण्याचा. त्यावर पांच कलमें होतीं. ईसीयूचें रीमॅप, 28,000 रुपये. टर्बो बदलणें, जोडकामासह, 75,000. अधिक दमदार क्लच, 22,000. मोकळा सायलेन्सर, 18,000. आणि हवेचा नवा फिल्टर, 5,500. एकूण 1,48,500. ज्या गाडीवर हा खर्च व्हावयाचा ती 2011 सालची, 1,40,000 किलोमीटर चाललेली. आणि दलाल तिची किंमत 1,60,000 च्या वर बोलण्यास मुळींच तयार नाहीं. म्हणजे एका गाडींत जवळजवळ दुसरी गाडी घालावयाची, असा हा बेत. वहिनींनीं तो कागद आमच्यापुढें ठेवला आणि एवढेंच विचारलें, "भाऊजी, एवढे पैसे घातल्यावर हा शनिवारीं पुण्याहून वाईला लवकर पोंचेल, कीं मला अधिक वेळ दाराकडे डोळे लावून बसावें लागेल ?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं, कारण गाडी आमच्या वडील बंधूंची. ते जाऊन चार वर्षें झालीं. गाडी विकावयाची नाहीं हें पुतण्यानें त्याच वेळीं ठरविलें होतें, आणि वहिनींचेंहि मत निराळें नव्हतें. यास्तव 'हे पैसे नव्या गाडींत घाल' हा जो सोपा उपदेश कोणीहि करील तो येथें लागू पडत नव्हता.

गाडीच्या पोटांतलें यंत्र मात्र नांव घेण्याजोगें आहे. फियाट कंपनीनें 2003 सालीं बाहेर आणलेलें तें 1.3 मल्टिजेट, चार सिलिंडरांचें, 1248 घनसेंटिमीटरचें. 2005 सालीं आपल्या आकाराच्या वर्गांत 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा बहुमान त्यानें मिळविला. आपल्याकडे तें हरियाणांतील मानेसर येथें आणि पुण्याजवळ रांजणगांवांत तयार होऊं लागलें. अष्टविनायकांतील महागणपतीचें जें रांजणगांव, तेंच हें. मारुति, टाटा आणि फियाट या तिन्ही घराण्यांच्या गाड्या या एकाच यंत्राच्या बळावर धांवल्या. एक काळ असा होता कीं पुण्यांतल्या कोणत्याहि चौकांत हिरवा दिवा लागला कीं त्याची ती ओळखीची टकटक चारी बाजूंनीं ऐकूं येई. 2020 च्या एप्रिलांत भारत-6 हीं मानकें लागू झालीं, मारुतीनें डिझेल गाड्या बंद केल्या, आणि नव्या गाड्यांतून हें यंत्र येथें दिसेनासें झालें. जुन्या गाड्यांतून अजून तें चाललें आहे, आणि कुरकुर न करतां चाललें आहे.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराचें पहिलें यशस्वी यंत्र 1897 सालीं आउग्सबुर्ग येथें चाललें. तें सुमारें 3 मीटर उंच होतें आणि त्याची शक्ति होती 20 अश्वशक्तीच्या आसपास. आमच्या गाडीचें यंत्र एका मोठ्या ट्रंकेएवढ्या जागेंत मावतें आणि 75 अश्वशक्ति देतें. डिझेलसाहेबांस तें दाखवून 'हें कांहीं पुरेसें वाटत नाहीं' असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें. परंतु पुतण्याच्या पिढीला भीड म्हणून ती नाहीं.

आतां त्याची बाजू. डिझेल यंत्रांत ठिणगी नसते. हवा अतिशय दाबली कीं ती इतकी तापते कीं तींत सोडलेलें इंधन आपोआप पेटतें. इंधन किती सोडावें यावर शक्ति अवलंबून, आणि तें किती व केव्हां सोडावयाचें हें हल्लीं एक लहानसा संगणक ठरवितो. त्यालाच ईसीयू म्हणतात. त्यांतील आंकडे बदलले, टर्बोकडून येणाऱ्या हवेचा दाब थोडा वाढविला, त्या मानानें इंधन वाढविलें, कीं तेंच यंत्र अधिक जोर करतें. यांत जादू नाहीं आणि फसवणूकहि नाहीं. पेट्रोलच्या साध्या यंत्रांत असल्या उद्योगानें फारसें हातीं लागत नाहीं. टर्बोच्या डिझेल यंत्रांत खरोखर लागतें. शिवाय पुतण्याचा एक मुद्दा आम्हांस खोडून काढतां आला नाहीं. हेंच 1248 घनसेंटिमीटरचें यंत्र कंपनीनें स्वतःच दोन जातींत विकलें : एक 75 चें आणि एक 90 चें. "काका, कंपनीनें जें केलें तेंच मी करतों आहें," असें तो म्हणाला.

तें संपूर्ण खरें नाहीं. 90 ची जात काढतांना कंपनीनें निराळा टर्बो बसविला, पात्यांचा कोन परिस्थितीप्रमाणें बदलणारा. आणि त्याच्याशीं सगळी जुळणी नव्यानें करून, तपासून, मग ती विकावयास काढली. शक्तीचा जो थोडासा सांठा कंपनी मागें ठेवते तो कृपणपणानें ठेवीत नाहीं. मे महिन्यांतलें ऊन, पंपावरचें बेभरंवशाचें डिझेल, पांच माणसें आणि टपावरचें सामान, आणि मालकाचा आळस, या सर्वांची तरतूद तींत असते. ती तरतूद काढून घेऊन खर्च केली तर गाडी त्या दिवशीं श्रीमंत वाटते. पुढें क्लच घसरतो, मग गियरबॉक्स बोलूं लागतो, मग ब्रेक अपुरे पडतात. वेग 80 वरून 100 झाला म्हणजे तो सव्वापट झाला. परंतु गाडी थांबविण्यास ब्रेकांना जें काम करावें लागतें तें दीडपटीहून अधिक वाढतें. पुतण्याच्या पांच कलमांत ब्रेकाचें कलम नव्हतें, टायरांचेंहि नव्हतें.

आम्हीं मग आमच्या जुन्या संवयीप्रमाणें कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. अशी लहान गाडी सपाट रस्त्यावर ताशीं 100 किलोमीटरनें चालती ठेवण्यास फार तर 20-22 अश्वशक्ति लागते. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर मोटारीस 100 हीच मर्यादा आहे. पांच माणसें घेऊन बारांत एक असा चढ ताशीं 60 नें चढावयाचा झाला तरी 40 च्या आसपास काम भागतें. म्हणजे तबेल्यांतले निम्मे घोडे एरवीं उभेच असतात. डिझेलची बचत होईल, असेंहि गॅरेजवाल्यानें सांगितलें होतें. वर्षाला 9,000 किलोमीटर चालणारी गाडी लिटरला 18 देते तर 500 लिटर लागतात. रीमॅपनंतर ती 20 देईल असें मानलें तर 450. पन्नास लिटर वांचले, लिटरला 90 रुपये धरले, तर एकट्या रीमॅपचे पैसे वसूल होण्यास सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. आणि वाढलेला जोर हातांत असतांना पूर्वीच्याच हलक्या पायानें गाडी चालविणारा तरुण आम्हीं अद्यापि पाहिलेला नाहीं.

परंतु हिशेबानें तक्रार नाहींशी होत नाहीं. पसरणीच्या घाटांत मालट्रकच्या मागें ही गाडी खरोखर मरगळते; आम्हीं स्वतः तींत बसून तें अनुभवलें आहे. घोडे एवढे शिल्लक असतांना असें कां व्हावें ? याचें उत्तर टर्बोंत आहे. टर्बो म्हणजे यंत्राच्या धुरानें फिरणारा पंखा. यंत्राचे फेरे मिनिटाला 1,800 च्या खालीं उतरले कीं धूर मंदावतो, पंखा मंदावतो, आणि 1248 घनसेंटिमीटरचें यंत्र आपल्या मूळच्या बेताच्या फुफ्फुसांवर येतें. वळणावर गाडी तिसऱ्यांतच ठेवून पाय दाबीत राहिलें तर तें बिचारें खोकतें. दुसरा गियर टाकला कीं तेंच यंत्र उठून बसतें. आमचे दादा वळण येण्यापूर्वीच दुसरा टाकीत. त्यांचा डावा हात घाटांत कधीं स्वस्थ नसे. या सुधारणेस खर्च कांहींच येत नाहीं, म्हणूनच कीं काय, ती कोणत्याहि गॅरेजच्या पत्रकांत छापलेली नसते.

दुसरी गोष्ट वाईच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनीं दाखविली. टर्बोकडून यंत्राकडे हवा नेणारी रबरी नळी एके ठिकाणीं चिरली होती. जोर मागितला कीं दाबलेली हवा तेथून फसफसून जाई. फिल्टर पुण्याच्या धुळीनें भरला होता. इंजेक्टरांपैकीं एक इतरांपेक्षां अधिक डिझेल सोडीत होता, म्हणून मागून काळा धूर. नळी, फिल्टर आणि मजुरी मिळून 4,200 रुपये झाले, आणि इंजेक्टरांच्या तपासणीचे व दुरुस्तीचे 11,000. चौदा-पंधरा वर्षांत गाडीचे 75 पैकीं किती घोडे दावणीला उरले होते देव जाणे. गाडी मंद आहे असें जें सारे म्हणत ती मंद नव्हती, आजारी होती. आजाऱ्याला तालमींत घालण्यापूर्वी वैद्याकडे न्यावें, एवढें आम्ही पुतण्यास म्हणालों, आणि तेवढें त्यानें मानलें.

कायद्याचा मुद्दा आम्हीं काढला तेव्हां मात्र तो हंसला. हंसण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ स्वरूपाशीं विसंगत होईल असा बदल करूं देत नाहीं. 2019 च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि तसाच निर्णय दिला, आणि त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलास 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. दंडाची रक्कम पाहून कोणास ती हौसेच्या मानानें क्षुल्लक वाटेल. परंतु अपघात झाला आणि विमा कंपनीनें यंत्र उघडून पाहिलें तर तिला हरकत घेण्यास आयतेंच कारण सांपडतें. आणि अपघातांत दुसऱ्या कोणाचें कांहीं बरेंवाईट झालें असेल तर तो प्रश्न पैशांपुरता राहत नाहीं. आमच्या मतें एवढ्या एका मुद्द्यावर पांचांपैकीं पहिलीं दोन कलमें निकालांत निघतात. ज्याला यंत्राशीं झुंजण्याचा खरा नाद आहे त्यानें कोइमतूरच्या शर्यतीच्या मार्गासारख्या ठिकाणीं जाऊन पैसे जाळावेत. तेथें कोणी त्याला फायदा-तोटा विचारणार नाहीं, आणि विचारूंहि नये.

पुतण्यानें यावर आपलें सर्वांत बळकट अस्त्र काढलें. दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या पुढें जातांना जितका वेळ समोरच्या बाजूला काढावा लागतो तितका धोका. 75 चे 90 झाले तर सहा सेकंदांचें काम पांच सेकंदांत होतें. हिशेब बरोबर आहे. ताशीं 80 च्या वेगानें एका सेकंदांत गाडी 22 मीटर जाते, आणि समोरून एसटी येत असतां 22 मीटर ही थोडी गोष्ट नव्हे. तथापि मनुष्यस्वभाव असा कीं सेकंद हातीं आला कीं तो राखून ठेवीत नाहीं. पूर्वी ज्या फटींत शिरण्याचा विचारहि मनांत आला नसता, तींत तो आतां शिरतो. वहिनींच्या प्रश्नाचें आमचें उत्तर याच ठिकाणीं तयार झालें, आणि तें आम्हीं त्यांस सांगितलेंहि : जागरण वाढेल.

एवढें झाल्यावर विषय संपावयास हवा होता. पण त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, बाबांना 90 चीच हवी होती." आम्ही कांहीं बोललों नाहीं, कारण ती गोष्ट आम्हांस ठाऊक होती, गाडी घेतांना आम्ही बरोबर होतों. दादा 90 च्या गाडीभोंवतीं दोनदां फिरून आले, दार उघडून बसले, आणि मग किंमत विचारून 75 ची घेतली. त्या वर्षीं याच मुलाची इंजिनियरिंगची फी भरावयाची होती. हें पुतण्यास कोणीं सांगितलें असेल असें आम्हांस वाटलें नव्हतें. त्याच्या त्या पांच कलमांत आम्ही चंगळ शोधीत होतों, आणि तो फेड शोधीत होता. अशा फेडीस गाडीच्या बाजारभावाचा दाखला देऊन काय उपयोग ? आमच्या हिशेबांतला एकहि आंकडा यामुळें बदलत नाहीं, आणि आमचें मतहि बदललें नाहीं. फक्त तें सांगतांना आवाज थोडा खालीं आला.

दादांनीं 75 ची गाडी नाइलाजानें घेतली असेल. पण मागाहून त्यांनीं ती नाइलाजानें चालविली नाहीं. सात-आठ वर्षें दर पावसाळ्यांत आम्हां सर्वांना घेऊन त्यांनीं पसरणीचा घाट चढला, आणि 90 चें नांवहि पुन्हां काढलें नाहीं. आम्हीं पुतण्यास हेंहि सांगितलें. तो ऐकत होता कीं नाहीं, तें कळलें नाहीं.

सध्यां ठरलें आहे तें असें. मूळच्याच मापाचा नवा क्लच बसला, कारण जुना संपतच आला होता. चार टायर नवे घेतले, पुढच्या ब्रेकांचे पॅड बदलले. टायरांचे पैसे वहिनींनीं दिले आणि त्यांत कोणाचें कांहीं चालूं दिलें नाहीं. गेल्या रविवारीं पुतण्यानें आम्हांस पांचगणीपर्यंत नेलें. दत्तमंदिराच्या अलीकडच्या वळणावर त्यानें न सांगतां दुसरा गियर टाकला, आणि ट्रक मागें पडला. उतरतांना त्यानें खण उघडून गाडीचे कागद दाखविले, तेव्हां तें पांच कलमांचें पत्रक अजून त्यांत घडी घालून ठेवलेलें दिसलें. गॅरेजवाल्यास त्यानें टर्बोचा भाव पुन्हां विचारला होता. तो 3,000 रुपयांनीं वाढला आहे.