कुलूपबंद तलावाचं पाणी

दिवाळी सरते, पुण्यात पहाटेचा गारठा उतरतो आणि सोसायटीच्या पोहण्याच्या तलावावरची गर्दी ओसरू लागते. आधी मुलं येईनाशी होतात, मग सकाळचे आजोबा, आणि डिसेंबरात फाटकाला कुलूप लागतं. मला मात्र तलाव याच दिवसांत जास्त जवळचा वाटतो. हिवाळी पाहुणा असलेला धोबी पक्षी काठावरून शेपटी नाचवत फिरतो. गुलमोहराची बारीक पानं पाण्यावर पसरतात. तळाच्या निळ्या फरशीवर उन्हाची जाळी हलत राहते. उन्हाळ्यात ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, तोही आता नसतो. क्लोरीनची घामाशी, लघवीशी गाठ पडून क्लोरामाइनं तयार होतात, तो वास त्यांचा. माणसं गेली की पाणी पुन्हा बिनवासाचं होतं.

असं पाणी पाहून वाटतं, ते विसावलं आहे. प्रत्यक्षात त्याचा स्वभाव याच दिवसांत पालटतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते; कॅल्शियम कार्बोनेटचं उलट, ते थंड पाण्यात जास्त विरघळतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो तो यामुळेच, आणि थंडीत तलावाचं पाणी फरश्यांच्या सांध्यांतलं सिमेंट पोखरू पाहतं तेही यामुळेच. विल्फ्रेड लँगेलिअर या अमेरिकी अभियंत्यानं १९३६ साली याचं गणित मांडलं. पीएच, तापमान, कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि विरघळलेले एकूण क्षार यांच्या हिशेबातून पाणी भुकेलं आहे, तृप्त आहे की थर साचवणारं आहे, ते कळतं. बाकी सगळं तसंच ठेवून पाणी २९ अंशांवरून १९ अंशांवर आलं, तरी हा निर्देशांक सुमारे ०.२ ने खाली येतो. म्हणजे मे महिन्यात समतोल असलेलं पाणी कोणी हात न लावता जानेवारीत भुकेलं होतं. बोअरच्या जड पाण्यात मुळातच कॅल्शियम भरपूर, त्यामुळे तिथे ही भूक कमी. धरणाच्या मऊ पाण्याला ती जास्त लागते.

आमचा तलाव सांभाळणारे काका लँगेलिअरचं नाव घेत नाहीत, पण त्यांचं काम तेच. टेस्ट किटच्या नळ्यांत पाणी घेऊन ते थेंब टाकतात आणि नळ्या उजेडासमोर धरतात. एकीत क्लोरीनचा पिवळा उमटतो, दुसरीत पीएचचा तांबूस. “पाणी बरंय ताई, थोडा सोडा लागेल,” एवढंच म्हणतात. खाण्याच्या सोड्यानं अल्कलिनिटी वाढते आणि पीएच जागेवर राहतो. पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम, मोकळं क्लोरीन १ ते ३. थंडीत ऊन तिरपं, शेवाळाची वाढ मंद, म्हणून क्लोरीन टिकतं आणि औषध कमी लागतं. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही, आणि ॲसिडचा कॅन ब्लीचिंग पावडरच्या शेजारी ठेवायचा नाही, हे ते कोणी पाहत नसतानाही पाळतात. मला त्या शिस्तीचं फार मोल वाटतं.

दर हिवाळ्यात सोसायटीच्या सभेत प्रश्न येतो: कोणी पोहत नाही, मग खर्च कशाला? पंप बंद करा, नाहीतर तलावच रिकामा करा. आता हिशेब पाहा. २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात साडेचार लाख लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे ४५ टँकर झाले. ते पुन्हा मागवायचे मार्चमध्ये, शहर पाण्यासाठी टँकरची वाट पाहू लागतं तेव्हा. शिवाय रिकाम्या तलावाच्या फरश्या उन्हानं सुटतात, आणि जिथे जमिनीखालचं पाणी वर असतं तिथे त्याच्या दाबानं तळ उचलला जाऊ शकतो. भरलेला तलाव तसाच सोडला, तर क्लोरीन संपताच शेवाळ धरतं आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला हवं तसं साचलेलं पाणी मिळतं. पुढे ते हिरवं पाणी निवळायला लागणारं क्लोरीन वाचवलेल्या क्लोरीनपेक्षा कितीतरी जास्त असतं.

वापर थांबला म्हणून जपणूक थांबत नाही. यंदा तुमच्या सभेत हा विषय निघाला, तर एवढं जरूर मांडा: तलाव रिकामा करू नका, पंप रोज काही तास चालू द्या, पाणी आठवड्यातून दोनदा तपासा, आणि ते तपासणाऱ्या माणसाचा पगार या तीन महिन्यांत कापू नका.