पित्याची चित्रशाळा

स्त्रियांत थोर चित्रकार फारसे का निपजले नाहीत, असा प्रश्न निघाला म्हणजे विद्वान मंडळी प्रतिभेची मापे काढू लागतात. आमच्या मते हा प्रश्न प्रतिभेचा नसून जागेचा आहे. वास्तवदर्शी चित्रकलेत तर तो विशेषच जाणवतो. माणूस तासन्‌तास समोर बसवावा लागतो, उजेड एका बाजूने यावा लागतो, तैलरंग वाळेपर्यंत थांबावे लागते. हे सारे ज्या घरात आयते होते, त्याच घरांतून चित्रकर्त्या बाहेर पडल्या.

हॉलंडातील तेरेस श्वार्त्झे (१८५१–१९१८) हिला चित्रकार पित्याने शिकविले. १८७४ मध्ये तो वारला आणि घराचा भार तिच्या कुंचल्यावर आला. व्यक्तिचित्रे काढून तिने तो वाहिला. पुढे राणी विल्हेल्मिनाचेही चित्र तिने रंगविले.

आपल्याकडेही तोच प्रकार दिसतो. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रावबहादूर म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांची एकेचाळीस वर्षे गेली. त्यांची कन्या अंबिका (१९१२–२००९) हिने तेथेच पदविका मिळविली. त्याच संस्थेतील शिक्षक त्रिंदाद यांची कन्या अँजेला हीही चित्रकर्ती झाली.

तथापि पित्याच्या दिव्याला पित्याची सावलीही असते. श्वार्त्झेला पोटासाठी स्वतःचे नाव करावे लागले. अंबिकाबाईंनी वडिलांच्या पश्चात त्यांची चित्रे जिवापाड जपली, 'माझी स्मरणचित्रे' लिहिली. आणि रसिक मात्र त्यांना आजही 'धुरंधरांची कन्या' म्हणूनच ओळखतात. त्यांना यात धन्यता वाटलीही असेल. आम्हां रसिकांना ती नामुष्कीच होय, कारण त्यांची स्वतःची चित्रे पाहण्याचे श्रम आम्ही घेतले नाहीत.

आमच्या नांदेड-लातूरकडे उंबऱ्यापुढे अचूक रांगोळी रेखणाऱ्या मुली गल्लोगल्ली आहेत. हात आहे, नजर आहे. पण रांगोळी सकाळी काढावयाची आणि दुसऱ्या दिवशी झाडावयाची! टिकणारे चित्र काढावयास जी सवड व जो कोपरा लागतो, तो त्यांच्या वाट्यास येत नाही. वर्गात वहीच्या समासात सुरेख चेहरे काढणाऱ्या मुली आम्ही तीस वर्षे पाहत आलो. त्यांतील एकीचेही चित्र पुढे भिंतीवर पाहावयास मिळाले नाही.

प्रत्येक पित्याने धुरंधर व्हावे असे आम्ही म्हणत नाही. खिडकीजवळची जागा आणि दुपारचे चार तास, एवढे तरी त्याला लेकीस देता येईल. प्रतिभेचा हिशेब त्यानंतर खुशाल मांडावा.