पावसात न भिजलेली

धानाच्या बांध्यांवर पाऊस कोसळायचा आणि आश्रमशाळेतली पोरं पन्हाळीखाली धुमाकूळ घालायची. तू व्हरांड्यात, स्वेटर घालून. ऐन जुलैत! अंग गारठलं की हाडं ठणकतात, हे तुला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तान्ही असताना तुझ्या हातापायांची बोटं सुजली, तेव्हा आईने आधी पुजारी गाठला. सिकलसेल हे नाव पुष्कळ उशिरा कळलं. आई धडधाकट, बाबा धडधाकट. दोघांनीही नकळत एकेक जनुक तुझ्या पदरात टाकलं. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायचं, तिथे व्हॅलिन आलं, बस. चार महिने जगणारी तांबडी पेशी तुझ्या अंगात दोन-तीन आठवड्यांत मरायची, आणि त्याआधी विळ्यासारखी वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकायची. हेच जनुक एकटं असलं तर जीवघेण्या हिवतापापासून वाचवतं. गडचिरोलीच्या रानात कित्येक पिढ्या त्याच्या आधाराने तगल्या असतील. फेड तुझ्या वाट्याला आली.

तुझ्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नव्हतं. दिवसभर तहान, वर्गात सारखी करंगळी वर, रात्री अंथरूण ओलं. सगळ्या उठायच्या आत चादर धुऊन वाळत घालायची तुझी घाई अजून डोळ्यांपुढून हलत नाही. वर्गात बाटली आणायची नाही, असा नियम होता. (नियम करणाऱ्याला तहान लागत नसावी.) दुखायचं तेव्हा वरून काहीच दिसत नसे, म्हणून 'सोंग करते'. दुखणं दहापैकी किती, असं डॉक्टर विचारायचे. तू चार सांगायचीस. जास्त सांगितलं तर भरती करतील आणि आईची मजुरी बुडेल.

हायड्रॉक्सियुरिया होतं, फॉलिक आम्लाच्या गोळ्या होत्या. 2023 मध्ये शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं; मुदत 2047. व्हावंच ते. पण तुला हवी होती एक बाटली, एक जादा गोधडी आणि 'दुखतंय' म्हटल्यावर खरं मानणारं माणूस. याला कुठलं अभियान लागतं?

छातीत कळ आली, ताप चढला, श्वास पुरेना. रुग्णवाहिका निघाली तेव्हा तू शुद्धीवर होतीस.

प्रत्येक बाळंतपणात चारात एक, अशी ही चिठ्ठी. तुझ्या धाकट्या भावाचीही निघाली. यंदा पहिलीत आलाय. बाटली बाकावर असते, पण पाणी प्यायचा भारी कंटाळा. मी ओरडते. तुझ्यासारखं मुकाट ऐकून घेत नाही तो, उलट उत्तर देतो. बरं वाटतं.