लाल कड, पंधरा फूट

घरापासून ग्रंथालयापर्यंतचा रस्ता अर्ध्या मैलाचा. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या कडेचं आमचं गाव तसं लहान, पण या एवढ्या अंतरात आगीच्या पाण्याचे चार खांब, म्हणजे हायड्रंट, आहेत. काल वही घेऊन मुद्दाम चालत गेले. पहिल्याच्या दोन्ही बाजूंना फुटपाथच्या कडेला ताजा लाल रंग, लांबलचक. दुसऱ्यापाशी लाल पट्टा आहे, पण जेमतेम सहा-सहा फुटांचा. तिसऱ्यापाशी कधीतरी रंग होता. आता विटकरी डाग उरलेत आणि त्यावर वाळकी पानं. चौथ्यापाशी काहीच नाही, नुसती करडी कड. चारही ठिकाणी कायदा एकच आहे. रस्ता मात्र चार वेगळ्या गोष्टी सांगतो.

•

कायदा असा. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतलं कलम २२५१४: हायड्रंटपासून १५ फुटांच्या आत गाडी थांबवायची नाही, लावायची नाही. परवानाधारक चालक पुढच्या सीटवर बसलेला असेल आणि लागलीच गाडी हलवू शकत असेल, तर तेवढी सूट आहे. स्थानिक पालिकेला ठराव करून हे अंतर कमी करता येतं. ते कडेच्या लांबीने एकूण १० फुटांपेक्षा कमी केलं, तर मात्र पाटी किंवा खूण लावावीच लागते.

या कलमात एक गोष्ट कुठेच म्हटलेली नाही: कड लाल असली तरच. रंग नसला तरी १५ फूट लागू. गोंधळाचं मूळ इथे आहे. आपण रंग वाचतो, कायदा अंतर वाचतो.

•

लाल रंगाला स्वतःचा वेगळा कायदा आहे, कलम २१४५८. लाल कडेशी थांबणंसुद्धा नाही, चालक आत बसलेला असला तरी नाही. पिवळी कड माल किंवा माणसं चढवण्या-उतरवण्यासाठी, पांढरी माणसं चढवण्या-उतरवण्यासाठी, हिरवी ठरावीक मिनिटांपुरती, निळी अपंगांसाठी.

म्हणजे रंग नसलेल्या हायड्रंटपाशी गाडीत बसून राहिलात तर चालतं; त्याच हायड्रंटपाशी कड लाल असेल तर तेही चालत नाही. हा फरक मला इथे सहा वर्षं गाडी चालवल्यावर कळला.

•

नव्याने आलेल्या आपल्या माणसांची चूक इथे का होते, याचं एक कारण मला आपल्याच रस्त्यांवर सापडतं. आपल्याकडे दुभाजक आणि फुटपाथची कड काळ्या-पांढऱ्या किंवा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांनी रंगवतात. रात्री कड दिसावी, गाडी आदळू नये, एवढ्यासाठी. गाडी कुठे लावायची ते पाटी सांगते. पुण्यात पी-१, पी-२ची पाटी बघून तारीख सम की विषम हे मोजायची सवय. कडेचा रंग हुकूम देतो, हे आपल्या डोळ्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. ही बेफिकिरी नाही. ही वेगळ्या रस्त्याची सवय आहे, आणि ती जाणीवपूर्वक मोडावी लागते.

•

माझं तिकीट. शेजारच्या गावात एका मैत्रिणीकडे सत्यनारायण होता. रस्ता गाड्यांनी भरलेला, एकच जागा मोकळी. लाल पट्टा संपतो तिथून पुढे काही फूट सोडून गाडी लावली. मला वाटलं, नीट लावली. हायड्रंट झुडपात अर्धा बुडालेला होता. प्रसाद घेऊन बाहेर आले तर काचेवर कागद.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेले. हायड्रंटपासून माझ्या गाडीच्या टोकापर्यंतचं अंतर ११ फूट भरलं. फोटो काढले, फेरतपासणीचा अर्ज केला. तिकीट मिळाल्यापासून २१ दिवसांत तो करता येतो. उत्तर आलं: या गावाने अंतर कमी केलेलं नाही, १५ फूट कायद्यात आहेत, रंगाची अट नाही. पैसे भरले. निकाल बरोबर होता, असं मी आजही म्हणते. पण सहा फुटांवर संपणारा लाल पट्टा वाहनचालकाला सांगतो की इथून पुढे मोकळं आहे. अपुरा रंग हा रंग नसण्यापेक्षा वाईट.

•

पंधराच फूट का, हे समजून घेतल्यावर माझा राग गेला.

बंबाच्या टाकीत साधारण ५०० गॅलन पाणी असतं, म्हणजे सुमारे १९०० लिटर. आगीवर मारायची एक नळी मिनिटाला दीडशे गॅलन पाणी सहज ओढते. टाकी सव्वातीन-साडेतीन मिनिटांत रिकामी. त्याच्या आत हायड्रंट जोडला गेला पाहिजे.

ती जोडणारी नळी पाच इंच व्यासाची असू शकते. पाणी भरलं की तिच्या शंभर फुटांत ३८० किलोहून जास्त पाणी असतं. भरलेली नळी माणसांना हवी तशी वळवता येत नाही. तिला ऐसपैस वळण लागतं. गाडीच्या टपाला वळसा घालायला लावलं की ती मुडपते आणि पाणी अडतं. म्हणून जवान कधी कधी आड आलेल्या गाडीच्या दोन्ही काचा फोडून नळी आरपार नेतात. त्याचे फोटो बघून लोक हळहळतात. मी त्या फोटोत आता काचा बघत नाही, घड्याळ बघते.

•

सॅन फ्रान्सिस्कोत डोलोरेस पार्कच्या कोपऱ्यावर, विसाव्या रस्त्याच्या आणि चर्च स्ट्रीटच्या चौकात एक हायड्रंट सोनेरी आहे. १८ एप्रिल १९०६, पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला. जलवाहिन्या फुटल्या. आगी लागल्या आणि तीन दिवस शहर जळत राहिलं. तीन हजारांहून अधिक माणसं गेली. हायड्रंट एकामागून एक कोरडे निघत असताना या एकाला पाणी होतं, आणि त्याच्यामुळे मिशन भाग वाचला असं शहर मानतं. दर १८ एप्रिलला पहाटे त्याला पुन्हा सोनेरी रंग देतात.

त्या आगीनंतर शहराने आगीसाठी वेगळी, जास्त दाबाची जलवाहिनी घातली आणि चौकांखाली पाण्याचे हौद बांधले. रस्त्यावर विटांचं मोठं वर्तुळ दिसलं की खाली हौद आहे असं समजावं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुण्याचे पेशवेकालीन हौद आठवले. पाणी साठवून ठेवणारं शहर काहीतरी भोगून शहाणं झालेलं असतं.

•

न्यूयॉर्कमध्येही अंतर १५ फूटच, पण तिथे पालिका सहसा कडेला रंग देतच नाही. अंदाज चालकाने करायचा. चुकला तर दंड ११५ डॉलर. दिवसाउजेडी, सूर्योदय ते सूर्यास्त, चालक आपल्या सीटवर बसून गाडी हलवायला तयार असेल तर थांबता येतं.

२०१४ साली बेन वेलिंग्टन या आकडेवारीच्या अभ्यासकांनी शहराने खुल्या केलेल्या दंडाच्या नोंदी चाळल्या. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात, फोर्सिथ स्ट्रीटवर, हायड्रंटसमोरच्या जागेवर तिकिटांचा ढीग पडत होता. तिथे हायड्रंट आणि गाड्यांची रांग यांच्यामध्ये सायकलींची वाट होती, आणि रस्त्यावरच्या खुणा तर गाडी लावायला सांगत होत्या. त्यांनी हे लोकांपुढे मांडल्यावर शहराने रस्त्यावरच्या खुणा बदलल्या. न्यूयॉर्ककरांचे वर्षाला ५५ हजार डॉलरहून जास्त वाचले, असं त्यांनी लिहिलं. मला यातला पैसा महत्त्वाचा वाटत नाही. एकाच जागी शेकडो माणसं तीच चूक करत असतील, तर चूक जागेची आहे. दंडाची वही ही दुरुस्तीची यादी म्हणून वाचली पाहिजे.

•

राज्य बदललं की अंतर बदलतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १० फूट, आयोवात ५. भाड्याची गाडी घेऊन फिरायला निघणाऱ्यांनी सरळ पंधरा धरावेत. ते या सगळीकडे पुरतात.

•

नवी भर. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात चौकात पादचारी जिथून रस्ता ओलांडतात, त्याच्या अलीकडे २० फुटांत गाडी लावल्यास दंड होतो. फुटपाथ पुढे वाढवलेला असेल तिथे १५ फूट. चालणारा माणूस चालकाला आधीच दिसावा, हा हेतू. झेब्रा पट्टे नसले तरी लागू, लाल रंग नसला तरी लागू. हेतूला माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझी मुलगी रोज असा एक चौक ओलांडून शाळेत जाते. पण पुन्हा तेच: रंग येईपर्यंत हजारो चौक गप्प राहणार.

•

एक उपयोगाची खूण. इथे रस्त्याच्या मधोमध, जरा एका बाजूला सरकलेलं, निळं चमकतं बटण दिसतं. ते ज्या बाजूला सरकलेलं असतं, त्या बाजूला हायड्रंट आहे. रात्री बंबाच्या चालकाला सापडावं म्हणून बसवलेलं असतं. झुडपात लपलेला हायड्रंट आपल्यालाही तेच दाखवतं. मैत्रिणीच्या गल्लीत तसं बटण होतं. मी पाहिलं नाही.

•

बाबा पुण्याहून आले आहेत. संध्याकाळी फिरताना त्यांना चौथा हायड्रंट दाखवला. थोडा वेळ थांबून म्हणाले, "आपल्या पेठेत बंब यायचा म्हणजे आधी गल्लीतल्या गाड्या उचलायला पोरं धावायची. बंब आला तरी आत कुठून शिरणार?" मग विचारलं, "आपल्याकडे असा नियम नाही का गं?"

निदान लिहिलेला होता. २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९च्या रस्ता नियमांमध्ये गाडी कुठे लावू नये त्याची यादी होती: फुटपाथ, सिग्नलजवळ, बसथांबा, शाळा-रुग्णालयाचं प्रवेशद्वार, आणि त्याच यादीत हायड्रंट अडवू नये हेही होतं. बाबांनी पन्नास वर्षं स्कूटर चालवली, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लिहिलेला नियम आणि रस्त्यावर दिसणारा नियम यांतलं अंतर दोन्हीकडे सारखंच आहे.

•

तिसऱ्या आणि चौथ्या हायड्रंटचे फोटो, पत्ता आणि टेपने मोजलेलं माप पालिकेला पाठवलं. दुसऱ्याचंही पाठवलं, कारण तोच जास्त फसवतो. स्वतः डबा घेऊन रंगवणं बेकायदा आहे. तो अधिकार पालिकेचा. पण सांगणं आपलं काम आहे.

•

शेवटी, इथे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकासाठी. पंधरा फूट म्हणजे साधारण सहा पावलं, किंवा आपल्या गाडीच्या लांबीहून किंचित कमी. आज घरासमोर टेप लावून स्वतःची पावलं एकदा मोजून ठेवा. हायड्रंट दिसला की रंग असो वा नसो, तेवढी पावलं सोडा. घरी पाहुणे येणार असतील तर जवळचा हायड्रंट कुठे आहे ते पत्त्याबरोबरच कळवा. आणि कडेचा लाल रंग पुसट दिसला तर त्याच दिवशी पालिकेला फोन करा.