रेडिओ बिघडला नाही हो!

आमच्या वडवणीकडं परभणी आकाशवाणी लावली की हल्ली नुसती खरखर. लोक म्हणतात, रेडिओ म्हातारा झाला. रेडिओ ठीक आहे. सोलर पंपाचा कंट्रोलर, स्वस्त एलईडी, चार्जर आतली वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. तो गोंगाट वायरीतून मीडियम वेव्हवर चढतो. एकेक बटण बंद करून बघा, चोर सापडतो.

शेतात रेडिओ लांब तरी नेता येतो. कोकणातल्या छोट्या होडीवर बॅटरी, चार्जर, रेडिओ सगळं हातभर अंतरात. त्यात डिजिटल रेडिओ खरखरत नाही, सरळ मुका होतो. वादळाचा इशारा नेमका तेव्हाच असला तर?

अनुदानाचे पंप घेताना हा गोंगाट तपासतात का? साहेबांनी एकदा जाहीर सांगावं.