ऐच्छिक निबंध

निबंध तपासण्यात माझ्या आयुष्याची वीस वर्षे गेली. त्यामुळे भाद्रपदातल्या एका रविवारी भाचा निबंध घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मला हसूच आले. इंजिनियर होऊन पाच वर्षे नोकरी केलेल्या गृहस्थाला मराठीच्या मास्तराची गरज पडावी!

त्याला अमेरिकेत एम. बी. ए. करायचे होते. अडचण एकच : पदवीचे गुण. दहापैकी ६.१, आणि पहिल्या वर्षाच्या तीन केट्या.

"इथेच कर की," मी म्हणालो.

"मामा, अहमदाबादच्या आय. आय. एम. मध्ये प्रवेशपरीक्षेच्या गुणांबरोबर दहावी, बारावी, पदवी, सगळंच मोजतात. तिकडेही गुणपत्रक मागतातच; पण कमी गुणांबद्दल चार ओळी लिहायला जागा देतात. ऐच्छिक निबंध."

ऐच्छिक! आमची मुले ज्याला हात लावीत नाहीत, त्याचे नाव ऐच्छिक. पण याची सारी भिस्त त्यावरच होती. बाकी तयारी त्याने चोख केली होती. जीमॅट या परीक्षेत ८०५ पैकी ६९५ गुण मिळवले होते. गणित कच्चे असल्याचा संशय नको म्हणून संख्याशास्त्राचा एक अभ्यासक्रम नोकरी सांभाळून पुरा केला होता. ६.१ चे अमेरिकन मापात रूपांतर मात्र केले नव्हते. आहे ते आहे तसेच लिहावे, असे तिकडच्या बऱ्याच संस्था सांगतात म्हणे.

निबंध वाचला. अवघा दीडशे शब्दांचा. पहिल्या वर्षी मी अभ्यास केला नाही, चूक माझी, पुढे काय केले ते असे. संपले!

"अरे, यात रस कुठे आहे? तुझ्या आजोबांचं आजारपण घाल. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, आजोबा आजारी पडले ते मी तिसऱ्या वर्षाला असताना. केट्या पहिल्या वर्षाच्या आहेत."

मी चष्मा पुसू लागलो. कारण एम. ए.ला मला पहिल्या खेपेस ५३ टक्के पडले होते. प्राध्यापकीला ५५ लागतात. मी पुन्हा परीक्षेला बसलो आणि विचारील त्याला सांगितले, "ऐन परीक्षेत कावीळ झाली." कावीळ झाली होती खरी, पण निकालानंतर. परीक्षेआधीचे तीन महिने मी एकांकिकेच्या तालमीत होतो. अण्णांनी दुसऱ्यांदा फी भरली, तीही त्या काविळीवर विश्वास ठेवून. आता अण्णा नाहीत.

मी निबंधातली दोन विरामचिन्हे सुधारली आणि कागद परत दिला. "पाठव," म्हणालो.

त्याने पहिल्याच फेरीत अर्ज केला. उत्तर डिसेंबरात येईल. येईल ते येवो, पोरगा पास झाला आहे.

त्या रात्री जेवताना मी आमच्या हिला काविळीची खरी हकीगत सांगितली. ताटात भात वाढीत ती म्हणाली, "अण्णांनी लग्न ठरवतानाच सांगितलं होतं मला. 'पोराला वाटतं, मला कळलं नाही. तसंच वाटू दे,' म्हणाले."